‘मी’ ठेवलाय कुणाकडे? अलीकडच्या जपानी कादंबऱ्या आणि अस्तित्ववाद

शिरीषफूल (मूळ लेख)

माणूस आपल्या निवडींतूनच घडतो असं सांगणारा अस्तित्ववादी फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र, त्याचा कॅफेतला वेटर पुष्कळांनी कुठे ना कुठे वाचला असेल. १९४३ च्या ‘बीइंग अँड नथिंगनेस’मध्ये तो येतो. जरा जास्तच चपळ चालतो, गिऱ्हाइकापुढे जरा जास्तच आदबीनं वाकतो, ट्रे तोलण्यातही जरा जास्तच सफाई. सार्त्रचं म्हणणं, हा बुवा वेटर असल्याचं सोंग वठवतोय. टेबल जसं टेबल असतं, तसं माणसाला वेटर असता येत नाही. उद्या सकाळी उठून कामावर न जाण्याची मुभा त्याला कायम असते. ती मुभा अंगावर येते, म्हणून तो भूमिकेच्या आड लपतो. ही आत्मवंचना.

सध्या मी अलीकडच्या जपानी कादंबऱ्या वाचतेय (इंग्रजीतूनच, जपानी मला येत नाही), आणि सारखं वाटतंय की तिथे कुणीतरी हा वेटर आतून बाहेर उलटवून ठेवलाय.

सायाका मुराताची ‘कन्व्हिनियन्स स्टोअर वुमन’ घ्या. २०१६ चं अकुतागावा, म्हणजे जपानमधलं मानाचं साहित्य पारितोषिक मिळालेली. केइको फुरुकुरा, वय ३६, लग्न नाही, अठरा वर्षं एकाच कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, अर्धवेळ कामाला. लहानपणी बागेत मेलेला पक्षी दिसतो. बाकीची पोरं रडतायत आणि ही आईला म्हणते, बाबांना यकितोरी (काडीला लावून भाजलेली कोंबडी) आवडते ना, घरी नेऊन भाजू या. शाळेत दोन मुलांची मारामारी लागली, ‘थांबवा कुणीतरी’ असा ओरडा झाला, तर हिनं फावडं आणून एकाच्या डोक्यात घातलं. थांबली की मारामारी! घरच्यांचे चेहरे बघून त्यानंतर तिनं आपणहून काही करायचंच सोडलं. मग कॉलेजात असताना दुकानात लागते. हसायचं कसं, ‘इराश्शाइमासे’ (‘या, स्वागत आहे’) कुठल्या सुरात म्हणायचं, हे सगळं व्हिडिओ लावून शिकवतात. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटतं की जगाच्या यंत्रात आपण नीट बसलो.

वेटर मोकळीकीला घाबरून भूमिकेत शिरला होता. केइकोच्या भूमिकेमागे दुसरी कुणी केइको लपलेलीच नाही, आणि हे तिला स्वच्छ दिसतं. एका ठिकाणी ती हिशेबच मांडते: मी सध्या तीस टक्के इझुमीबाई, तीस टक्के सुगावारा, वीस टक्के मॅनेजर, उरलेली पूर्वी सोडून गेलेल्या माणसांची. बोलायची ढब यांच्याकडून, कपड्यांची निवड त्यांच्याकडून. शरीरसुद्धा दुकानातलंच अन्न खाऊन झालेलं.

(इथून पुढे रसभंग आहे.) सगळे तिला त्या भूमिकेतून ओढून काढायला बघतात: लग्न कर, बरी नोकरी बघ. म्हणजे दुसऱ्या भूमिकेत जा, एवढंच. शेवटी मुलाखतीला जाताना ती वाटेतल्या परक्या कोन्बिनीत शिरते. दुकानाला काय हवंय ते तिला ऐकू येतं, आणि कुणी न सांगता ती माल लावू लागते. अख्ख्या पुस्तकात स्वतःच्या जबाबदारीवर केलेली निवड असेल तर ती ही. सार्त्रला हे दाखवायला हवं होतं.

दुसरं पुस्तक केइइचिरो हिरानोचं ‘अ मॅन’ (जपानीत २०१८). मियाझाकीतल्या एका गावात रिए नावाच्या बाईचा नवरा लाकूडतोडीच्या कामावर झाड अंगावर पडून मरतो. त्याचा दुरावलेला भाऊ येतो, फोटो बघतो आणि म्हणतो, हा माझा भाऊ नव्हेच. मग जिच्यासोबत तो पावणेचार वर्षं सुखानं नांदला, त्या बाईनं प्रेम कुणावर केलं? शोध घेणारा वकील किदो हा कोरियन वंशाचा, तिसऱ्या पिढीतला, जपानी नागरिकत्व घेतलेला. दुसऱ्याचं आयुष्य घालून फिरण्याचा मोह त्यालाही होतो. कादंबरीच्या सुरुवातीलाच तो बारमध्ये लेखकाला खोटं नाव सांगतो.

तिसरी रिन उसामीची ‘आयडॉल, बर्निंग’. अकुतागावा मिळालं तेव्हा बाई २१ वर्षांच्या. शाळकरी अकारीचं सगळं जगणं एका पॉप गायकाभोवती. त्याला ती आपल्या पाठीचा कणा म्हणते. आणि एके दिवशी तो एका चाहतीवर हात उचलतो.

मला दिसतं ते असं. सार्त्रच्या माणसाला पुढचा प्रश्न पडतो, मी काय होऊ? या लोकांना मागचा प्रश्न पडलाय, मी म्हणून जे काही आहे ते ठेवलंय कुणाकडे? दुकानाच्या नियमावलीत, सरकारी वहीत, की दुसऱ्याच कुणाच्या चेहऱ्यात? तुम्हाला काय वाटतं?

---

चिंतोपंत

वाचनखूण साठवली आहे. केइकोचे टक्के वाचून आमच्या हापिसातले एक साहेब आठवले, शंभर टक्के त्यांच्या साहेबांचे होते.

बाकी यात नवं काय? मिलिंदपन्हात, त्या जुन्या बौद्ध संवादात, मिलिंद राजाला भिक्खू नागसेनानं रथाचे भाग सुटे करून दाखवले तेव्हाच प्रकरण मिटलं. चाक म्हणजे रथ नाही, आस म्हणजे रथ नाही. बौद्ध देश आहे, अनात्मवाद, म्हणजे कायमचा ‘मी’ असा नसतोच हे मत, रक्तातच असणार.

---

कोदंड

पंत, जपानी म्हटलं की बुद्ध आणि झेन काढायचे ही पर्यटकांची सवय. युद्धानंतरच्या जपानी लेखकांनी सार्त्र मनापासून वाचला होता. कादंबरीकार केन्झाबुरो ओए तोक्यो विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकला, प्रबंधच सार्त्रवर लिहिला. १९६६ मध्ये सार्त्र आणि त्याची सहचरी, लेखिका सिमोन द बोव्हार जपानला गेले तेव्हा तिथे त्यांचा मोठा वाचकवर्ग होता. मुराताच्या पुस्तकात बुद्ध कुठे दिसला तुम्हाला?

शिरीषताई, लेख आवडला, पण मूळ मुद्दा पटला नाही. केइकोला तुम्ही तत्त्वज्ञ करून टाकलंत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला, कंपन्यांनी भरती आखडली, आणि त्या काळात पदवी घेऊन बाहेर पडलेली एक अख्खी पिढी कंत्राटी आणि अर्धवेळ कामांत अडकली. कादंबरी आली त्या सुमारास तिथले ३७-३८ टक्के नोकरदार कायमस्वरूपी नोकरीत नव्हते. तासावर पैसे, बढती नाही, पेन्शनची खात्री नाही. अशा माणसाला ‘मी म्हणजे दुकानाचा भाग’ असं वाटायला लागलं, तर ते मालकाच्या फारच सोयीचं आहे. तुम्ही त्याला अस्सल निवड म्हणता. मी त्याला उत्तम प्रशिक्षण म्हणेन.

---

शिरीषफूल

कोदंड, तो राग पुस्तकातही आहे, फक्त तो शिराहाच्या तोंडी घातलाय. आठवतोय ना तो आळशी, कांगावखोर इसम? जग अश्मयुगापासून बदललेलं नाही, शिकार न करणारा पुरुष आणि मुलं न होणारी बाई यांना टोळी बाहेर काढते, हे त्याचं पालुपद. बोलतो ते बरंचसं खरं, आणि माणूस असह्य. मुराताबाईंनी हे मुद्दाम केलंय असं मला वाटतं. व्यवस्थेवरची टीका त्यांनी सगळ्यात नकोशा पात्राला देऊन टाकली, म्हणजे आपल्याला तिच्याशी सहमत होऊन मोकळं होता येऊ नये.

आणि स्वतः मुराताबाईंनी वर्षानुवर्षं कोन्बिनीत काम केलंय. बाहेरून कीव करणाऱ्याची नजर त्या पुस्तकात म्हणूनच नाही.

---

मिसोसूप

योकोहामात राहतो, म्हणून दोन गोष्टी.

एक, कोन्बिनी म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान अशी कल्पना करून वाचू नका. देशभर ५५ हजारांच्या वर आहेत. विजेचं बिल भरा, पार्सल पाठवा, पैसे काढा, मैफलीची तिकिटं घ्या. जेवण तर आहेच. आणि सगळीकडे तेच शब्द, तोच सूर. इथे राहून काही वर्षं झाली की तुम्हीही काउंटरपाशी ठरलेलीच वाक्यं बोलता. केइको काउंटरच्या आत आहे म्हणून उठून दिसते इतकंच, बाहेरचं गिऱ्हाईकही पाठच म्हणत असतं. हल्ली तोक्यो-योकोहामाकडे काउंटरमागे नेपाळी, व्हिएतनामी विद्यार्थी पुष्कळ दिसतात. तेही तोच सूर शिकतात, महिन्याभरात. या मुलांवर कादंबरी कधी येते याची वाट बघतोय.

दोन, ‘अ मॅन’मधली सरकारी वही. ती कोसेकी, कुटुंबनोंद. देशव्यापी स्वरूपात १८७२ पासून. आपल्याकडे जन्मदाखला माणसाचा असतो, इथे नोंद कुटुंबाची. जन्म, लग्न, घटस्फोट, दत्तक, मृत्यू सगळं त्यात. एका नोंदीत एकच आडनाव, त्यामुळे नवराबायकोला आजही कायद्यानं एकच आडनाव घ्यावं लागतं. २०१५ आणि २०२१ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, दोन्हीदा तरतूद घटनात्मक ठरली. परदेशी माणसाची स्वतःची कोसेकी नसते. माझ्या ओळखीतल्या एकानं इथलं नागरिकत्व घेतलं तेव्हा त्याची नवी कोसेकी उघडली. कागदावर त्याचं कुटुंब त्याच्यापासूनच सुरू होतं.

आणि या नोंदीत फोटो नसतो. हिरानोच्या कादंबरीतली अदलाबदल म्हणून तर शक्य होते. खून केल्याबद्दल फाशी गेलेल्या बापाचा मुलगा, हारा माकोतो, दुसऱ्याची कोसेकी घेतो, तीही दोनदा. त्याला स्वतःपासून पळायचं नाहीये, माणूस चांगलाच आहे. त्याला त्या पानापासून पळायचंय.

अवांतर: आता बऱ्याच गावांत कोसेकीचा उतारा कोन्बिनीतल्या यंत्रावर छापून मिळतो. तुमच्या लेखातली पहिली दोन पुस्तकं एकाच काउंटरवर भेटली म्हणायची.

---

चिंतोपंत

शेवटच्या अवांतराला दंडवत. नागसेन मागे घेतो (तात्पुरता).

---

नवाकोरा

जपानी कादंबरीतलं ‘मी’पण आणि हारुकी मुराकामीचं नाव नाही? निषेध!

---

शिरीषफूल

मुद्दाम वगळला. मुराकामीच्या नायकाला विहिरीत उतरायला आवडतं, पण वर आल्यावर स्पॅगेटी उकळायला तो जसाच्या तसा शाबूत असतो. ज्या गावात शिरताना माणसाची सावली कापून ठेवतात त्या गावाकडे मुराकामी तीनदा गेला: १९८० ची लघुकादंबरी, १९८५ ची ‘हार्ड-बॉइल्ड वंडरलँड’ आणि २०२३ ची जाडजूड कादंबरी. इतक्यांदा परत जातो म्हणजे प्रश्न खरा आहे, ते मान्य. पण त्याचा ‘मी’ हरवतो तोही ऐटीत. केइकोला ती चैन परवडत नाही.

---

वाळूचा किल्ला

वेगळं दालन उघडतो. या सगळ्यांच्या आधी कोबो आबे बसलाय (१९२४-१९९३), त्याला ओलांडून पुढे जाता येणार नाही. लहानपण ईशान्य चीनमधल्या, तेव्हा जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात, मुकदेनला. महायुद्धातल्या जपानच्या पराभवानंतर ते घरच नकाशावरून गेलं. त्याच्या पुस्तकांत कुणाला पत्ता टिकवता येत नाही, त्याची मुळं इथे असावीत असं मला नेहमी वाटतं.

‘द वुमन इन द ड्यून्स’ (१९६२) बहुतेकांनी वाचली किंवा तेशिगाहाराचा सिनेमा बघितला असेल. कीटक शोधायला आलेला शाळामास्तर वाळूच्या खड्ड्यात अडकतो, रोज रात्री वाळू उपसत बसतो. शिळा पुन्हा पुन्हा डोंगरावर ढकलणारा सिसिफस आणि त्याच्यावर लिहिणारा काम्यू सगळ्यांनाच आठवतो. पण पुस्तकाचं शेवटचं पान बघा. दोराची शिडी समोर लोंबतेय, तरी तो पळून जात नाही. वाळूतून पाणी मिळवायची युक्ती त्याला सापडलीय, ती आधी कुणाला तरी सांगायचीय. आणि लगेच खाली कोर्टाची नोटीस: हा इसम बेपत्ता घोषित करण्यात येत आहे. जपानी कायद्यात त्याला सात वर्षं लागतात. ज्या क्षणी तो पहिल्यांदा कुणीतरी झालाय, त्या क्षणी कागदावर तो नाही. मिसोसूप यांनी कोसेकीचं लिहिलं म्हणून हे आठवलं.

पण शिरीषताई, तुमच्या धाग्याला जास्त जवळची १९६७ ची ‘द रुइन्ड मॅप’. बायको नवऱ्याचा शोध घ्यायला डिटेक्टिव्ह लावते. तो पुरावे गोळा करत जातो आणि हळूहळू त्याचीच ओळख सुटत जाते. शेवटी बेपत्ता माणूस तोच. हिरानोनं हाच सांगाडा घेतलाय, असं ‘अ मॅन’ वाचताना पानोपानी जाणवतं. फक्त त्याचा वकील रात्री घरी परत येतो. बायको आहे, मुलगा आहे, संसाराला तडे आहेत, तरी येतो. पन्नास वर्षांत एवढा फरक पडला. आबेला हरवणं ही सुटका वाटत होती. हिरानोच्या लेखी हरवणं परवडत नाही, कारण मागे कुणीतरी मुलाला शाळेत सोडायचं असतं.

---

अर्धा सांगवीकर

मराठीत आपण अस्तित्ववाद ‘कोसला’तून प्यायलो (१९६३, म्हणजे आबेच्या वाळूनंतर एका वर्षानं!), त्यामुळे आपल्याला नायक म्हणजे नकार देणाराच लागतो. पांडुरंगला कॉलेज नको, सेक्रेटरीपद नको, बापाचा धंदा नको. धाकटी बहीण मनी मेल्यावर तर काहीच नको. केइकोला मात्र फक्त एक गोष्ट हवी आहे आणि ती लोकांना फार क्षुल्लक वाटते. नकार देणाऱ्या तरुणाला आपण कादंबरीभर लाड करून वाचतो, हवं म्हणणाऱ्या बाईला वेडसर ठरवतो. कोदंडराव, तुमच्या ‘प्रशिक्षणा’तही थोडं हे आहे. पांडुरंग अर्धवेळ वाणसामान विकत असता, तर त्याला तुम्ही प्रशिक्षित म्हणाला असतात का?

---

कोदंड

पांडुरंगनं पहिल्या दिवशी गल्ल्यात घोळ घालून दुकान सोडलं असतं. पण टोला बसला, नाही म्हणत नाही.

आता माझं हिरानोशी भांडण. २०१२ मध्ये त्यानं कादंबऱ्यांच्या जोडीला एक सिद्धान्ताचं छोटं पुस्तकच काढलं. म्हणे, माणूस एकसंध नसतो. आईपुढे एक, मित्रापुढे एक, बॉसपुढे एक अशी अनेक विभाजित माणसं मिळून आपण बनतो, त्यातलं कुठलंही खोटं नाही, आणि मध्यभागी ‘खरा मी’ शोधत बसू नका. ऐकायला छान. पण सार्त्रनं जी जबाबदारी गळ्यात घातली होती ती यात सुटते. साहेबापुढे लाचार झालो तो माझा एक हिस्सा, बाकीचे हिस्से ताठच आहेत! फसवणाऱ्याला याहून चांगला वकील मिळणार नाही.

---

शिरीषफूल

तो सिद्धान्त तुम्ही सोयीच्या टोकानं धरलाय. हिरानो तो मुख्यतः मरणाच्या संदर्भात वापरतो. त्याच वर्षीच्या त्याच्या एका कादंबरीत एक माणूस मेल्यावर तीन वर्षांनी परत येतो. आपला खून झाला अशी त्याची खात्री. सगळे सांगतात, तू आत्महत्या केलीस. हिरानोचं म्हणणं असं की माणसाला आपला एखादाच नकोसा झालेला हिस्सा मारायचा असतो, पण स्वतःला एकसंध समजत असल्यामुळे तो सगळेच मारतो. हे कामावरच्या लाचारीचं समर्थन नक्कीच नव्हे.

आणि त्याचं दुसरं म्हणणं रिएला थेट लागू पडतं. आपण एखाद्यावर प्रेम करतो तेव्हा त्याच्या सोबतीत आपण जे होतो, तेही आपल्याला आवडलेलं असतं. तो गेला की आपलं तेवढं माणूस जातं. नाव खोटं निघालं तरी रिएचं ते माणूस खरंच होतं. कादंबरी तिला ‘फसवली गेलेली’ म्हणून सोडून देत नाही, ते यामुळेच.

---

रात्रपाळी

बरेच दिवस नुसती वाचक होते, या धाग्यासाठी लॉगिन केलं.

मिएको कावाकामीची ‘हेवन’ कुणीच काढली नाही. १४ वर्षांचा मुलगा, एक डोळा तिरळा, त्यावरून वर्गात रोज मार. कोजिमा नावाची मुलगी, तिलाही छळतात. तिची श्रद्धा आहे की हे सोसण्याला अर्थ आहे. ती मुद्दाम मळकी राहते, गरीब बापाची आठवण म्हणून. त्याचा डोळा तिला त्याची खूण वाटते, तो होता म्हणूनच तू तू आहेस.

मग इस्पितळाबाहेर त्याची गाठ मोमोसेशी पडते. मारणाऱ्या टोळीतला, स्वतः फारसा हात न उचलणारा. मुलगा विचारतो, का करता हे? मोमोसे थंडपणे सांगतो, तुझ्या डोळ्याचा काही संबंध नाही. तू समोर होतास, आम्हाला करता येत होतं, केलं. अर्थ बिर्थ काही नसतो. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेच शाळेच्या गणवेशात! त्याला हरवणारं एकही उत्तर लेखिकेनं दिलेलं नाही, आणि हे पुस्तकाचं धाडस आहे.

आणि नंतर डॉक्टर सांगतात की डोळ्याची शस्त्रक्रिया साधी आहे, खर्च १५ हजार येन. म्हणजे आपले काही हजार रुपये. एकीच्या लेखी जो त्याचा आत्मा होता, दुसऱ्याच्या लेखी निव्वळ योगायोग, त्याची किंमत एवढी. तो शस्त्रक्रिया करून घेतो. शिरीषताई, तुमच्या ‘ठेवलाय कुणाकडे’ला हे पुस्तक निराळं उत्तर देतं असं मला वाटतं. कोजिमानं त्याचा ‘मी’ फार प्रेमानं सांभाळला होता, आणि त्याला तो तिच्याकडून काढून घ्यावा लागला. तिच्या मनाविरुद्ध. ती पुन्हा भेटत नाही.

---

शिरीषफूल

रात्रपाळी, हे फार आवडलं. छळणाऱ्याकडून ओळख हिसकावून घेणं सोपं, सगळे टाळ्या वाजवतात. सोबत सोसणाऱ्या मैत्रिणीकडून काढून घेणं कुणी लिहीत नाही. मूळ लेखात ‘आयडॉल, बर्निंग’ मी उगाच दोन ओळींत उरकली, तिथेही हाच गुंता आहे. अकारीच्या गायकाला ती अस्तित्वात आहे हेच ठाऊक नाही. कणा ज्याच्याकडे ठेवला त्याच्याकडे परत मागायची सोयच नाही. शेवटी ती रागानं कान कोरायच्या काड्यांची डबी फेकते आणि मग रांगत एकेक काडी वेचत बसते. दोन पायांवर चालणं आपल्याला जमलं नाही, सध्या असंच जगू, म्हणते.

---

कोदंड

या रांगण्यात मला तुमची केइकोची ‘अस्सल निवड’ जास्त पटते, दुकानातल्यापेक्षा. इथे निदान कुणाचा नफा होत नाहीये.

केइकोबद्दल मी माझ्या जागी ठाम आहे. वाळूचा किल्ला, ‘द रुइन्ड मॅप’ पुण्यात कुणाकडे असेल तर सांगा. विकत घ्यायची तयारी आहे, पण आधी चाळायचीय.

---

वाळूचा किल्ला

माझी प्रत आहे, मधली काही पानं सुटी झालीयेत. व्यक्तिगत निरोप करा. परत मात्र हवी.